डोकं उत्तर धरा

बाई जेवायला बसल्या की मीठ कधी डावीकडे किंवा उजवीकडे नसायचं, ते ईशान्येला असायचं. "मॉनिटर, भाताच्या आग्नेयेला थोडी आमटी वाढ," असं त्या म्हणत. माझा नवरा जन्मापासून नागावात आहे, वारा कुठून सुटलाय ते त्याला झोपेतही कळतं. पण तोसुद्धा आमटीची पळी हातात धरून खिडकीबाहेर सूर्य शोधायला लागे. बाई त्याच्याकडे बघून म्हणत, "सावकाश, जावईबापू. आग्नेय कुठे पळून जात नाही."

मॉनिटर म्हणजे मी. तळा गावच्या शाळेत आठवी ते दहावी मी त्यांच्या वर्गाची मॉनिटर होते. पुढे लग्न होऊन नागावला आले, वाडीत चार खोल्यांचा होमस्टे काढला, केस पिकले, चष्मा लागला, पण बाईंच्या लेखी मला बढती मिळाली नाही. निवृत्त झाल्यावर त्या एक ट्रंक आणि गुंडाळलेले सात नकाशे घेऊन आमच्याकडे भाड्याने राहायला आल्या. वाडीच्या टोकाला, नारळींच्या पलीकडे एक सुटी खोली होती, ती त्यांनी घेतली. "तेहतीस वर्षं भूगोल शिकवला आणि समुद्र बघितला दिवाळीच्या सुट्टीत," त्या म्हणाल्या. "आता उलटं करायचं." बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. पनवेलला एक भाचा होता, चौदाव्या मजल्यावर. तो बोलवत असे. बाई जाऊन दोन दिवसांत परत येत. "त्याच्या घरातून समोरच्या बिल्डिंगचं स्वयंपाकघर दिसतं. त्यांचा कुकर नीट लागत नाही. बाकी काही कळत नाही."

शाळेत बाईंची भीती वाटायची ती मारण्याची नव्हे. त्या वहीत लाल खूणच करत नसत. पानाच्या तळाशी फक्त लिहीत, "चुका तीन. शोध." कुठल्या तीन, ते सांगायचं नाही. मुलं घरी वह्या घेऊन रडत. एकदा पालक हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तरांनी बाईंना बोलावून विचारलं की खूण करायला काय जातं तुमचं? बाई म्हणाल्या, "पुढे आयुष्यात कोण करणारे यांना खुणा?" मी मॉनिटर असल्यामुळे मला थोडी सवलत मिळेल अशा समजुतीने मी एकदा हळूच विचारलं होतं, "बाई, निदान कुठल्या पानावर आहे तेवढं तरी सांगा."

"सांगितलं तर चूक सुधारेल," बाई म्हणाल्या. "तू नाही सुधारणार."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं, खाली दुहेरी रेघ मारली आणि त्यातून काहीही शिकले नाही.

दुसरी गोष्ट नकाशाची. एका सोमवारी त्यांनी वर्गात जिल्ह्याचा नकाशा उलटा टांगला, दक्षिण वर. कुणी विचारेपर्यंत आपण बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण मी दहा मिनिटं आधी यायचे. खडू, डस्टर, हजेरीपट, पाण्याचा माठ, सगळं तपासायचे. नकाशा उलटा दिसला, मी सरळ केला. बाई आल्या, त्यांनी बघितलं, शिकवून गेल्या. मंगळवारी नकाशा पुन्हा उलटा, मी पुन्हा सरळ केला. असं शुक्रवारपर्यंत चाललं. शुक्रवारी त्या वर्गाला म्हणाल्या, "इथे कुणीतरी रोज नकाशा सरळ करतंय. त्या माणसाला चूक लगेच दिसते, पण प्रश्न पडत नाही. अशा माणसाचं पुढे काय होतं ते मला बघायचंय." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी डस्टर झटकत होते.

पुढे काय झालं ते असं. माझ्या घरात नऊ याद्या आहेत. पाहुण्यांच्या चादरी, मच्छरदाण्या, कोणाला मासे चालतात, कोणाला फक्त कोलंबी चालते, गॅस कधी लावला, पंप कधी दुरुस्त केला. दहावी यादी आहे ती या नऊ याद्या कुठे लावल्यात त्याची. माझं तत्त्व एकच: गोष्ट यादीत गेली की डोक्यातून काढून टाकायची. यादी असतेच त्यासाठी. नवरा म्हणतो, तुझं डोकं उघडलं तर आत फक्त एक टाचणी सापडेल. पण चार खोल्या, दोन बाथरूम आणि शनिवारची गर्दी यात तो माझ्याच याद्यांवर जगतो, हेही खरं.

बाईंची समुद्रावरची मोजणी हा आमच्या वाडीतला एक नित्याचा कार्यक्रम होता. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, उधाणाच्या वेळी, त्या काठी घेऊन मागच्या फाटकातून निघत आणि पाणी कुठवर आलं ते पावलांनी मोजत. पण आधी पावलं तपासत. फाटकापासून शेवटच्या सुरूच्या झाडापर्यंत दोनशे बारा पावलं भरायला हवीत. ती भरली तरच पुढची मोजणी. "पट्टी आधी तपासावी," त्या म्हणत. आमचे पाहुणे त्यांच्याकडे बघून मोबाइल काढत. एका पाहुणीने मला विचारलंही होतं, काही नवस वगैरे आहे का यांचा?

एका पौर्णिमेला बाई चहाला आल्या आणि म्हणाल्या, "दोनशे एकोणीस भरली." पुढच्या अमावास्येला म्हणाल्या, "दोनशे सव्वीस." मी म्हटलं, बाई, मोजण्यात चुकलं असेल. त्यांनी बशीत चहा ओतला.

"झाड हललेलं नाही, फाटकही नाही. म्हणजे पट्टी आखडली."

"खुबा दुखतोय का?"

"दुखतोय असं नाही. नैर्ऋत्येला जरा कुरकुर आहे."

त्यांची पार्श्वभूमी मला माहीत होती. सात वर्षांपूर्वी बाईंच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हापासून त्या रोज हार्मोनची एक गोळी घेत होत्या, टॅमॉक्सिफेन. बशीतला चहा संपायच्या आत मी मुंबईच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि नवी फाइल काढली.

डॉक्टर तरुण होत्या, मूळच्या माणगावकडच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "आजी, नेमकं कुठे दुखतं?"

"डोकं उत्तर धरा," बाई म्हणाल्या. "मग नैर्ऋत्येला. मांडी सुरू होते तिथे."

मी घाईघाईने भाषांतर करायला तोंड उघडलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "उजवा खुबा. आमच्या फिल्मवर पण असंच असतं, आजी. पेशंटचं उजवं आपल्या डावीकडे." बाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. "हिला दिशा कळतात," त्या म्हणाल्या. एवढं कौतुक मला तीन वर्षांच्या मॉनिटरकीत मिळालं नव्हतं.

स्कॅनमध्ये तीन जागा निघाल्या. उजवा खुबा, कण्याचा एक मणका आणि डावी बरगडी. जुना आजार हाडांत आला होता. खुब्यातून तुकडा काढून तपासायला पाठवला, पण तो इतका थोडा होता की त्यातून काही कळलं नाही. आता प्रश्न एकच होता: या तीन जागा हार्मोनच्या औषधाचं अजून ऐकतील का? ते कळायला आणखी एक वेगळा स्कॅन असतो. डॉक्टरांनी तो एसटीच्या भाषेत समजावला.

"समजा या गाठी म्हणजे एसटी आहे. आत हार्मोनला बसायच्या जागा आहेत. आम्ही हार्मोनसारखंच दिसणारं एक औषध शिरेतून सोडतो, त्याला एक खूण लावलेली असते. ते जिथे जाऊन बसतं तिथे चित्रात उजेड दिसतो. उजेड दिसला म्हणजे त्या गाठीत जागा आहेत, ती हार्मोनवर जगतेय, आणि हार्मोनच्या उपचाराचं ऐकण्याची शक्यता जास्त. काळोख दिसला तर बहुतेक ऐकणार नाही."

"आणि टॅमॉक्सिफेन?" मी विचारलं. माझ्या यादीत तो सातवा प्रश्न होता.

"तो खिडकीतून टाकलेला रुमाल आहे. गोळी चालू असली तर सगळ्या जागा आधीच अडवलेल्या. आमच्या औषधाला बसायला मिळत नाही, सगळीकडे काळोख दिसतो, आणि आपण समजतो की उपचार चालणार नाही. म्हणून उद्यापासून ती गोळी बंद. दोन महिने. एकही घ्यायची नाही." मग त्या थोड्या हळू बोलल्या. "आजार सावकाश चालतोय म्हणून दोन महिने थांबायची जोखीम मी घेतेय. त्याहून जास्त थांबणार नाही. तेव्हा चित्र मिळालं नाही तर सरळ सलाईनमधून केमोची औषधं सुरू."

बाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं. "ऐकत असतील तर मी कुठे राहायचं?"

"घरी. गोळ्या, आणि महिन्याला एक इंजेक्शन. ते अलिबागला घेता येईल."

"आणि नसतील तर?"

"मग दर आठवड्याला इथे यावं लागेल. पहिले काही महिने मुंबईजवळ कुणाकडे राहिलात तर बरं."

"पनवेल," बाई म्हणाल्या. चौदावा मजला आणि समोरचा कुकर, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे असणार हे मला यादी न करताही कळत होतं.

आता माझा पराक्रम. खुब्याचं निघाल्यापासून मी बाईंचा कारभार हातात घेतला होता. कितीला उठायचं, पाणी किती ग्लास, कॅल्शियम कधी, रक्तदाबाची गोळी आणि टॅमॉक्सिफेन कधी, समुद्रावर कुणाला सोबत घेऊन जायचं, असा एक कागद तयार करून तो अलिबागहून दोन्ही बाजूंनी लॅमिनेट करून आणला. एक प्रत माझ्या फ्रीजवर, एक त्यांच्या दारामागे. लॅमिनेट केलेल्या कागदाची एक अडचण असते: त्यावर लिहिता येत नाही. डॉक्टरांकडून परत आल्यावर मी एक पिवळी चिकटचिठ्ठी घेतली, त्यावर ठळक अक्षरात "टॅमॉक्सिफेन बंद" लिहिलं आणि फ्रीजवरच्या यादीवर चिकटवली. काम झालं. डोक्यातून काढून टाकलं.

नागावच्या हवेत पापड दुपारपर्यंत मऊ पडतो आणि काडेपेटीतली अर्धी काडी पेटत नाही. तिथे चिठ्ठीच्या गोंदाने दोन महिने टिकावं अशी अपेक्षा माझ्यासारख्या व्यवस्थित बाईनेच करावी. चिठ्ठी कधी पडली, केरात कधी गेली, मला माहीत नाही. रविवारी मी सात कप्प्यांची डबी घेतली, समोरची यादी वाचली आणि यादीप्रमाणे गोळ्या भरल्या. सातही कप्प्यांत. टॅमॉक्सिफेनसकट. शिवाय रोज सकाळी बाईंच्या खोलीत जाऊन कप्पा रिकामा झालाय ना ते बघायचे आणि तक्त्यात बरोबरची खूण करायचे.

पहिल्या रविवारी डबी नेऊन दिली तेव्हा बाईंनी झाकणं एकेक करून उघडली, बंद केली आणि म्हणाल्या, "चूक एक. शोध."

मला गंमत वाटली. म्हातारपणी जुनी सवय परत आली म्हणायची. मी घरी येऊन यादी तपासली, तर कॅल्शियम लिहिताना एक वेलांटी राहिली होती. नवा कागद करून पुन्हा लॅमिनेट करून आणला. दुसऱ्या रविवारी त्या पुन्हा म्हणाल्या, "चूक एक." मी विचार केला, कॅल्शियम सकाळी रिकाम्या पोटी देतेय, ते जेवणानंतर असायला हवं. वेळ बदलली. तिसऱ्या रविवारी "चूक एक" ऐकल्यावर मी पाण्याचे ग्लास आठाचे सात केले. चौथ्या रविवारी चिडून म्हटलं, "बाई, आता काही चूक उरलेली नाही."

"असं?" बाई म्हणाल्या.

पाचव्या रविवारी मी चूक शोधली नाही. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी काढली आणि तिच्यात चौदावा प्रश्न वाढवला: "बाई दर आठवड्याला तेच तेच बोलतात. विसरभोळेपणाची तपासणी करावी का?"

मधे एकदा सुमन, जी आमच्याकडे झाडलोट करायला येते, ती दारात केरसुणी टेकवून म्हणाली, "ताय, बाईंच्या खोलीत ती हिंगाची डबी हाय ना, तिला हात लावू देत न्हाय त्या. पुसायला घेतली तर वरडल्या."

"हिंगाची डबी? बाई तर स्वयंपाक करत नाहीत."

"व्हय, तेच तर. आत काय हाय कोन जाने."

दुसरी एखादी असती तर जाऊन बघून आली असती. मी किराणाच्या यादीत हिंग वाढवला. नवी डबी बाईंना नेऊन दिली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. "आभारी आहे," त्या म्हणाल्या. "रिकामी आणली असतीस तर जास्त उपयोग झाला असता."

स्कॅनच्या दिवसाची यादी एकतीस कलमांची होती. स्वेटर, कारण तिथे गार असतं. अंगावर दागिना नको. कागदपत्रांच्या झेरॉक्स तीन संच. बोटीवर उलटी झाली तर पिशवी. पहिल्या बोटीने आम्ही मुंबईत उतरलो आणि वेळेच्या चाळीस मिनिटं आधी पोचलो. काउंटरवरच्या नर्सबाईंनी सांगितलं, औषध सकाळीच तयार होऊन निघालंय, ते टिकत नाही, त्यामुळे फॉर्म लवकर भरून घेऊ.

"टॅमॉक्सिफेन शेवटची कधी घेतली?"

मी गोळ्यांचा तक्ता पुढे केला. सांगायला लाज वाटते, पण अभिमानाने केला. "एकही दिवस चुकलेला नाही," मी म्हटलं. "हे बघा, कालपर्यंत सगळ्या खुणा आहेत."

नर्सबाईंनी तक्ता बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "कालपर्यंत?"

त्या क्षणी मला माझ्याच अक्षरातली ती पिवळी चिठ्ठी दिसली. अगदी स्पष्ट. डोक्यातून काढून टाकलेली गोष्ट परत डोक्यात येते तेव्हा काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. कानांत समुद्र वाजायला लागला. नर्सबाई फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या, "डॉक्टर, जरा बाहेर येता का, पेशंटने गोळी बंदच केलेली नाही." मी हिशेब करायचा प्रयत्न करत होते. आजपासून गोळी बंद, मग आणखी दोन महिने, पण डॉक्टर थांबणार नव्हत्या. म्हणजे सलाईन. म्हणजे पनवेल. आणि कदाचित त्या गाठी ऐकणाऱ्या असतीलही, आपल्याला कळणारच नव्हतं. एका चिठ्ठीमुळे.

बाई बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा, आग लागल्यास बाहेर पडायचा नकाशा वाचत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाई, माझी चूक झालीय."

"कुठली?"

"टॅमॉक्सिफेन. ती बंद करायची होती. मी रोज भरत राहिले."

बाईंनी नकाशावरून नजर काढली. "सापडली," त्या म्हणाल्या. "नऊ रविवार लागले." त्यांनी पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेली हिंगाची डबी काढली आणि माझ्या हातात दिली. तिच्यात गोळ्या होत्या. पांढऱ्या, हिंगाचा वास लागलेल्या, काठोकाठ.

डॉक्टर तोवर बाहेर आल्या होत्या. त्यांनी डबी हुंगली आणि विचारलं, "आजी, यातली एकही घेतली नाहीत? खरं सांगा. हे चित्र चुकलं तर सगळंच चुकेल."

"मोजा," बाई म्हणाल्या.

नर्सबाईंनी स्टीलच्या ट्रेमध्ये गोळ्या ओतून मोजल्या. एकसष्ट. मग तक्त्यावरच्या माझ्या खुणा मोजल्या. एकसष्ट. माझ्या आयुष्यातला सगळ्यात नेटका तक्ता, आणि त्याचा उपयोग झाला तो एवढाच, की मी रोज न चुकता चुकत होते हे सिद्ध झालं. डॉक्टरांनी फाइल चाळली, त्यांना माझ्या प्रश्नांची यादी दिसली. "चौदावा प्रश्न सोडून देऊ या ना?" त्या म्हणाल्या. मला वाटलं आता त्या हसतील, आणि प्रकरण मिटेल. पण त्या हसल्या नाहीत. बाईंकडे वळल्या.

"तुम्ही यांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. दर रविवारी."

"हे सांगणं नव्हे, आजी. ही परीक्षा झाली. एखाद्या सकाळी झोपेत तुम्ही ती तोंडात टाकली असतीत तर? मग कुणाचे मार्क कापायचे?"

बाई उठल्या, स्वेटर माझ्याकडे न मागता स्वतः पिशवीतून काढला आणि नर्सबाईंच्या मागे आत गेल्या.

परतीच्या बोटीवर गर्दी नव्हती. पोरंपोरी सीगलना वेफर्स टाकत होती. मी बराच वेळ धीर गोळा केला आणि विचारलं, "बाई, सरळ का नाही सांगितलंत?"

"पहिल्या रविवारी खोड म्हणून," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या रविवारी तू वेलांटी सुधारून आणलीस, तेव्हा मजा वाटली."

"आणि मग?"

"मग सांगायचंच नव्हतं. पाणी किती प्यायचं ते तू ठरवतेस. उठायचं कधी ते तू ठरवतेस. समुद्रावर जायचं तर सुमन पाठीशी, मी पावलं मोजताना ती आपल्या सुनेच्या तक्रारी सांगते, मोजणी चुकते. सकाळी ती एक गोळी काढून डबीत टाकायची, तेवढं एक काम माझं होतं. तुझ्या यादीत नसलेलं."

मला म्हणायचं होतं की मी हे सगळं काळजीपोटी केलं. पण ते वाक्य मनातल्या मनात म्हणून बघितलं तर पाहुण्यांना चेकआउटची वेळ सांगावी तसं वाटलं. मी म्हटलं नाही.

"ती पोरगी म्हणाली ते बरोबर आहे," बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "एका गुरुवारी मी ती जिभेवर ठेवली होती. पाण्याचा पेला वर नेला, आणि मग आठवलं."

काय झालं असतं ते दोघींनाही कळत होतं, आणि दोघींचाही त्यात वाटा होता.

आठवड्याने डॉक्टरांनी बोलावलं. त्या रिपोर्ट वाचायला लागल्या तशी बाईंनी हात वर केला. "आधी नकाशा. तुमचं निवेदन नंतर." डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. राखाडी रंगात एक माणूस उभा होता, आणि त्याच्या मधोमध उजेडाचा एवढा मोठा गोळा, की मी खुर्चीचा दांडा धरला.

"ते यकृत," डॉक्टर म्हणाल्या. "ते सगळ्यांचंच उजळतं. औषध तिथून बाहेर पडतं. ते सोडून बघा."

बाई चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ गेल्या. बोट न लावता, हवेतच दाखवत बोलायला लागल्या. आवाज वर्गातला होता. "नैर्ऋत्येला उजेड. मध्यावर, मणक्यात, उजेड. पूर्वेची बरगडी..." त्या थांबल्या. "काळोख?"

"अंधुक आहे. पूर्ण काळोख नाही, पण उजेडही म्हणता येणार नाही. दोन जागा ऐकतील असं दिसतंय. तिसरीचं सांगता येत नाही. शंभर टक्के खात्री मी देत नाही, आजी. पण हार्मोनच्या उपचाराने सुरुवात करू, गोळी वेगळी देते, आणि बरगडीवर लक्ष ठेवू."

"म्हणजे नागाव?"

"नागाव."

बाई खुर्चीत बसल्या. चष्मा डोळ्यांवर घेतला, काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "उत्तर वर दाखवायची सोय करा तुमच्या या चित्रावर," त्या म्हणाल्या. "बाकी चांगलं आहे."

घरी आल्यावर मी नव्या गोळ्यांचं पाकीट आणि महिन्याच्या इंजेक्शनचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या दारामागची लॅमिनेट केलेली यादी काढून घेतली.

"ही कधी घ्यायची?" बाईंनी विचारलं.

मला चांगलं माहीत होतं. रोज एकाच वेळी, शक्यतो नाश्त्यानंतर, म्हणजे सव्वाआठ. तोंडापर्यंत आलं होतं. "तुम्ही ठरवा," मी म्हटलं. एवढे दोन शब्द बोलायला मला बोटीच्या प्रवासापेक्षा जास्त वेळ लागला.

"समुद्रावरून आले की घेईन," त्या म्हणाल्या. आणि सुमनला सोबत पाठवू नकोस, असंही म्हणाल्या.

त्यानंतर बाई तीन वर्षं आणि वर काही महिने त्याच खोलीत राहिल्या. शेवटी बरगडीने ऐकायचं सोडलं, मग बाकीच्यांनी. पण तोवर त्यांनी कितीतरी उधाणं मोजली. पनवेलला गेल्या त्या फक्त भाच्याच्या मुलाच्या मुंजीला, आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. मधल्या काळात दर चार महिन्यांनी साधा स्कॅन व्हायचा, खुब्यातली जागा आधीपेक्षा लहान दिसायची, आणि डॉक्टर म्हणायच्या, गोळी नीट घेताय. गोळी घेतली का, हे मी बाईंना एकदाही विचारलं नाही. ते माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं, याचा मला फार अभिमान होता.

फक्त दर सोमवारी त्यांच्या खोलीतला कचरा मी सुमनला टाकू देत नसे. तो मीच न्यायचे, वाडीच्या मागे खड्ड्याशी उभी राहून गोळ्यांचं रिकामं पाकीट शोधायचे आणि त्यातली भोकं मोजायचे. पहिले दोन महिने हात कोपरापर्यंत केळीच्या सालींत आणि चहाच्या चोथ्यात घालावा लागला. तिसऱ्या महिन्यापासून पाकीट कचऱ्याच्या सगळ्यात वर असायचं. एका बाजूला नीट ठेवलेलं, पुसून कोरडं केलेलं, भोकांची बाजू वर.